घोडनवरीची घोडी

अंधेरीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मला घोडनवरी म्हणायचे. तोंडावर नाही, जिन्यात. लग्नाचं वय उलटलेल्या मुलीसाठी आपल्याकडे हा शब्द तयार आहे आणि तो वापरताना कुणाची जीभ अडखळत नाही. ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती, मी एकतीस वर्षांची होते, साकीनाक्याला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते, आणि लहानपणी झालेल्या पोलिओमुळे माझा डावा पाय उजव्यापेक्षा दीड इंच आखूड राहिला होता. तेव्हा शब्द मला लागू होता, हे मी मान्य करते. पुढे मी खरोखरच घोडी घेतली तेव्हा बिल्डिंगची जी करमणूक झाली, तीही बरीचशी या शब्दाच्या कृपेने.

मला एकूण अकरा जण बघून गेले. बाबा पत्रात आधीच लिहायचे की मुलीच्या पायात किंचित दोष आहे. त्यातला 'किंचित' वाचून लोक यायचे आणि मला बघून जायचे. आई मग युक्त्या करायची. तिने बाहेरच्या खोलीत जाड सतरंजी दुहेरी अंथरायला सुरुवात केली, म्हणजे पाऊल वाजणार नाही आणि झोकही जरा कमी दिसेल. मी पोह्यांच्या बशा घेऊन त्या सतरंजीवरून यायचे, बसायचे, आणि आई म्हणायची, मुलगी स्वभावाने फार शांत आहे. मी शांत कधीच नव्हते. मला उठून जाता येत नव्हतं, एवढंच.

अकराव्या वेळी मुलाची आत्या आली होती. पोहे खाऊन, बशी खाली ठेवून ती म्हणाली, "सतरंजीवर कळत नाही गं. जरा लादीवर चालून दाखव." मी उठले, सतरंजीच्या बाहेर आले आणि कपाटापासून दारापर्यंत लादीवरून चालून दाखवलं. बाबा त्या वेळात आपल्या कपातल्या चहाकडे बघत होते. त्यांनी मला थांबवलं नाही याचा राग मी पुढे किती वर्षं बाळगला, ते याच गोष्टीत कळेल.

पुढच्या वर्षी आई गेली आणि बघण्याचे कार्यक्रम बंद पडले. ते बंद झाल्याचं बाबांनी कधी सांगितलं नाही. फक्त सतरंजीची घडी कपाटावर गेली आणि तिथेच राहिली.

घोड्याशी माझा संबंध आला तो ऑफिसच्या सहलीत. आमचं ऑफिस मढला गेलं होतं. वर्सोव्याहून बोटीने पलीकडे, आणि मग समुद्रकाठी दिवसभर खाणं आणि अंताक्षरी. वाळूत मला नीट चालता येत नाही. सगळे पुढे गेले आणि मी चप्पल हातात घेऊन मागे राहिले. तिथे एक म्हातारा दोन घोडे घेऊन उभा असायचा. पूर्वी तो पोलिसांच्या घोडदळात होता, साताऱ्याकडचा. आता मढच्या एका बंगल्याच्या मागच्या अंगणात एका मालकाचे घोडे सांभाळत होता. सिनेमावाले शूटिंगला न्यायचे, एरवी तो सहलीच्या लोकांना फिरवायचा. सगळे त्याला मामा म्हणायचे. मामांनी मला बघितलं आणि काही न विचारता घोडी माझ्याजवळ आणून उभी केली.

डाव्या बाजूने, डावा पाय रिकिबीत घालून चढायची पद्धत असते. माझ्या डाव्या पायावर सगळं वजन टाकून उचलणं मला जमणारं नव्हतं, तसं मी सांगितलं. मामा म्हणाले, मग उजवीकडनं चढा. घोडी दगडासारखी उभी राहिली. मी उजवा पाय टाकला, त्यांनी मागून आधार दिला, आणि मी वर होते. मामांनी डावीकडची रिकीब दोन भोकं वर घेतली. मी खाली पाहिलं. माझे दोन्ही पाय घोडीच्या दोन बाजूंना सारखे लोंबत होते. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ते सारखे दिसत होते. मी त्या दिवशी सहलीच्या लोकांच्या जवळून घोडी नेली, आणि माझ्याच ऑफिसातल्या एका बाईने मला ओळखलं नाही. हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मान आहे. हसायचं असेल तर हसा.

त्यानंतर दर रविवारी मी मढला जाऊ लागले. बाबांना सुरुवातीला वाटलं की कुणीतरी पुरुष आहे, आणि मला वाटतं त्यांना ते आवडलंही असतं. घोडा आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. तरी एका रविवारी ते बरोबर आले, वाळूवर रुमाल अंथरून बसले आणि मला घोडीवरून जाता-येताना बघत राहिले. परतताना बोटीत म्हणाले, तू वर बसलीस की तुझ्या आईसारखी दिसतेस. आई पाठीत ताठ होती.

वर्ष गेलं. मला लगाम धरता यायला लागला, दुडक्या चालीत खोगिरावर आपटणं कमी झालं. घोडा अजून पळवता येत नव्हता. मामा म्हणायचे, अजून एक वर्ष लागेल. पण ते वर्ष मिळालं नाही. बंगल्याची जागा विकली गेली. शूटिंगवाल्यांनाही आता घोड्यांपेक्षा मोटरसायकली हव्या होत्या. मालकाने दोन्ही जनावरं काढायची ठरवली आणि मामांना गावी जायला सांगितलं. दुसरीकडे कुठे शिकायचं म्हटलं तर जिथे शिकवतात तिथे माझ्यासारखीला दारातूनच परत पाठवतील हे मला ठाऊक होतं. एकदा विचारूनही पाहिलं होतं, आणि तिथल्या माणसाने माझ्या पायाकडे बघूनच उत्तर दिलं होतं. म्हणजे घोडा आता माझा स्वतःचा असला तरच मी बसणार होते. नाहीतर तो वरचा भाग संपला, आणि उरलेलं आयुष्य खाली, लादीवर.

मी घरी रडले नाही, पण जेवले नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं की घोडा ठेवतात कुठे. जोगेश्वरीला म्हशींचे तबेले होते, त्यातला एक भय्या एका कोपऱ्यात जागा द्यायला तयार होता, हे मी विचारून ठेवलं होतं. बाबा उठले, आणि माझ्या लग्नासाठी जे बाजूला ठेवलेलं होतं ते त्यांनी काढायचं ठरवलं. तसं शब्दांत म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, तशी आता त्याची गरज दिसत नाही. मला आनंद झाला आणि ते वाक्य लागलंही, दोन्ही एकाच वेळी.

निवड दोघांतून करायची होती. एक ती करडी घोडी, जिच्यावर मी बसत होते. दुसरा एक तांबडा घोडा, वयाने लहान, अंगाने भरलेला. मी त्याच्यावर फक्त तीनदा बसले होते. उजवीकडून जवळ गेलं की तो अंग चोरायचा, बाजूला सरकायचा, आणि मी अर्धवट लटकायचे. मामा म्हणायचे, त्याला सवय नाही, पंधरा दिवसांत लागेल. मला तो आवडत नव्हता. घोडी कशी शांत उभी राहायची. मला वाटायचं, तिला माझं कळतं.

त्या रविवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मला आधी कळेना की हे असे का चाललेत. मग बंगल्याच्या अंगणात पोचल्यावर कळलं. मामांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि बाबा पायावर पाय टाकून बसले, हनुवटी जरा वर करून, हुबेहूब त्या अकरा घरच्यांसारखे. जन्मभर ते मुलीकडचे होते. आज पहिल्यांदा त्यांना मुलाकडचे व्हायला मिळालं होतं. त्यांनी घोडीचं वय विचारलं. आधी कुणाकडे होती, खाणंपिणं कसं आहे, रात्री झोपते का, असंही विचारलं. मामा गमतीत उत्तरं देत होते, आणि मलाही आधी हसूच येत होतं.

मामांनी घोडी वाळूवरून फिरवून आणली. छान चालली. मग बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"वाळूत कळत नाही," ते म्हणाले. "जरा डांबरावर चालवून दाखवा."

मी जागच्या जागी उभी राहिले. शब्दही तेच, आवाजही तोच, सावकाश आणि सभ्य. ते वाक्य त्यांनी इतकी वर्षं कुठे जपून ठेवलं होतं कोण जाणे. त्या आत्याबाई समोर नव्हत्या, पण त्यांची जागा भरून निघाली होती.

मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग घोडीला फाटकाबाहेर रस्त्यावर नेलं. डांबरावर तिची टाप ऐकू आली. तीन वाजायच्या आणि चौथी हलकी पडायची. पुढचा डावा पाय ती जपून टाकत होती, आणि तो टेकताना मान वर जात होती. लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मामांनी लपवलंही नाही. म्हणाले, थोडी धरते पाय, वाळूत धरत नाही, शूटिंगला नुसतं उभं राहायचं असतं म्हणून चाललं.

बाबा उठले, जवळून पाहिलं, मग लांबून पाहिलं, पुन्हा चालवायला लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ही नको. हिच्या पायात दोष आहे."

किंचित, असंसुद्धा म्हणाले नाहीत.

ते म्हणत होते ते शंभर टक्के बरोबर होतं, हे आज लिहिताना मला कबूल आहे. तेव्हाही कबूल होतं, म्हणूनच तर अंगाची आग झाली. दुसऱ्या घोड्याला रस्त्यावर आणलं तर त्याच्या टापा घड्याळासारख्या पडत होत्या. तो मोकळा, निरोगी, उमदा होता. पंधरा दिवस त्याला उजव्या बाजूची सवय लावली असती तर मी कदाचित आजही सांगत असते की मी घोड्यावर बसते. मामांनीही मला बाजूला घेऊन तेच सांगितलं. "बाई, घोडा पायावर घ्यायचा असतो, डोळ्यांवर नाही," ते म्हणाले. "तांबडा न्या."

मी म्हटलं, मला घोडीच पाहिजे. बाबा म्हणाले, अगं, विचार कर. मी म्हटलं, विचार झाला. मग मी असं म्हटलं, आणि हे मी मामांच्या देखत म्हटलं, की पायावरून कुणाला नको म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. बाबांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी बघितलं नाही. बघायचं नव्हतंच मला. त्यांनी खिशातून पाकीट काढून मामांच्या हातात दिलं आणि खुर्चीवर जाऊन बसले. या वेळी पायावर पाय नव्हता.

मामांनी मला पुन्हा एकदा विचारलं, नक्की ना. मी नक्की म्हटलं.

घोडी टेम्पोतून जोगेश्वरीला आली. तबेल्यात म्हशींसाठी दगडी फरशी होती, कायम ओली. मढला तिच्या पायाखाली वाळू आणि माती होती, इथे ती दिवसरात्र दगडावर उभी. भय्याने एका कोपऱ्यात पेंढा पसरून दिला, पण तो रोज भिजायचा. बिल्डिंगमध्ये बातमी पोचली आणि जिन्यातला शब्द आता दोघींना मिळून वापरायला लागले. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी मला विचारलं की घोडी मिळाली, आता नवरदेव कधी. मी त्यांना म्हटलं, तुमच्याकडे शिल्लक असेल तर पाठवा. त्या महिनाभर बोलल्या नाहीत.

मी तिच्यावर दोनदा बसले. अख्ख्या मालकीच्या काळात दोनदा. पहिल्यांदा तबेल्यामागच्या मोकळ्या जागेत, सकाळी ऑफिसच्या आधी. ती उभी राहिली, मी चढले, आणि ती हलेना. मी टाच लावली. ती चार पावलं गेली आणि थांबली. मला वाटलं, नवी जागा आहे, बावरली असेल. आठ दिवसांनी पुन्हा बसले तेव्हा तिने पाऊलच टाकलं नाही. अंगाला कंप सुटला होता. तो माझ्या मांड्यांना जाणवला, आणि मी उतरले. उतरताना घाईत डाव्या पायावर आले आणि पडले. घोडी तशीच उभी. तिने वळून पाहिलंसुद्धा नाही.

जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी खूर उचलायला घेतला तेव्हा तिने ओढून घेतला. बराच वेळ दाबून, ठोकून बघितल्यावर ते म्हणाले की खुराच्या आतल्या हाडाचं जुनं दुखणं आहे, दोन-तीन वर्षं तरी असणार. औषधाने थोडं कमी होईल, बरं होणार नाही. वजन अजिबात नको. मी म्हटलं, पण ती तर किती शांत उभी राहायची, मी उजवीकडून चढायचे तरी हलायची नाही.

"शांत नाही हो," डॉक्टर म्हणाले. "हललं की दुखतं तिला."

त्यांना काही कल्पना नव्हती, त्यांनी साधी माहिती दिली. मी तबेल्याच्या भिंतीला टेकून उभी राहिले. एक वर्षभर दर रविवारी मी एका दुखणाऱ्या जनावराच्या पाठीवर बसून माझे पाय सारखे दिसतात म्हणून आनंदात होते. वर तिच्या स्वभावाचं कौतुक करत होते. आईसुद्धा माझ्याबद्दल हेच सांगायची की मुलगी शांत आहे. निदान इतर कुणाला नाही तर मला तरी हे ओळखता यायला हवं होतं.

त्यानंतर घोडीचं सगळं बाबांनी ओढलं. मी नऊ वाजता साकीनाक्याला जायचे आणि संध्याकाळी थकून यायचे, हे कारण खरं होतं. पण खरं कारण हे की मला तिच्यासमोर उभं राहवत नव्हतं. बाबा रोज सकाळी बसने जोगेश्वरीला जायचे. तिच्या खुरांना तेल लावायचे, चंदी म्हणून भिजवलेला हरभरा द्यायचे, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून मऊ जागा शोधून तिला थोडं चालवायचे. एका रविवारी मी गेले तेव्हा ते मला लांबून दिसले. मागच्या मोकळ्या जागेत त्यांनी काहीतरी अंथरलं होतं आणि त्यावरून ते घोडीला हळूहळू नेत होते. जवळ गेल्यावर बघितलं तर आमच्या कपाटावरची सतरंजी होती. दुहेरी अंथरलेली, शेणाने भरलेली. चल गं, चल, असं ते तिला म्हणत होते. माझ्याशी त्या आवाजात ते कधी बोलल्याचं मला आठवत नाही. मी तिथूनच परत फिरले.

तांबडा घोडा गोरेगावच्या एका वरातवाल्याने घेतला होता. लग्नसराईत तो एकदा आमच्याच रस्त्यावरून गेला. बँड, गॅसबत्त्या, वर फेटा बांधलेला घामाघूम नवरदेव. मी गॅलरीत होते. एवढ्या गोंधळातही त्याच्या टापा मला वेगळ्या ऐकू आल्या, चारही सारख्या. कोपऱ्यावरच्या हॉलपाशी नवरदेव उजव्या बाजूने उतरला, कारण डावीकडे गर्दी होती. घोड्याने कानसुद्धा हलवला नाही. म्हणजे सवय लागली होती. मामांनी सांगितलं होतं तेवढ्याच दिवसांत लागली असेल.

घोडी आमच्याकडे तेरा महिने होती. शेवटच्या महिन्यात ती बसली की उठेना. भय्या चांगला माणूस, पण म्हशी बिथरायला लागल्या तेव्हा त्यानेही हात जोडले. डॉक्टरांनी इंजेक्शनचं सुचवलं, आणि बाबांनी होकार देण्याआधी मला विचारलं. मी मान हलवली. त्या सकाळी मी रजा घेतली होती. बाबांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर तिची लाळ लागत होती. मी तिच्या पायापाशी बसले होते, पुढच्या डाव्या पायापाशी. मी त्याला हात लावला तर तिने तो ओढला नाही. मग डॉक्टर म्हणाले की झालं.

महापालिकेची गाडी येऊन गेली. आम्ही दोघं तबेल्याबाहेर रस्त्यावर आलो. बाबा सतरंजी गुंडाळून काखेत घेऊन उभे होते, टाकून द्या म्हटलं तर ऐकेनात. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी मी नको म्हटलं, ते घोडीला म्हटलं होतं गं. तुला नाही."

तेरा महिने हे वाक्य ते रोज सकाळी जोगेश्वरीला नेत होते आणि परत आणत होते.

मला माहीत होतं. त्याच दिवशी, घोडी डांबरावर चालत असतानाच मला माहीत होतं. घोडीचा पाय मलाही ऐकू येत होता. अकरा घरांना मला काहीतरी ऐकवायचं राहून गेलं होतं आणि त्यातलं कुणीच आता हाताशी नव्हतं. बाबा होते. त्यांना दुखवायला मला ती घोडी पुरली, आणि मी तिला घेतलं. तिच्या पायावरून, अगदी त्या अकरा घरांसारखंच, फक्त उलट्या बाजूने.

हे त्यांना सांगायला हवं होतं. पुढे ते सहा वर्षं होते, रोज समोर जेवायला बसायचे. मी त्या वेळी म्हटलं, "रिक्षा बघा." त्यांनी रिक्षा थांबवली, आधी मला बसू दिलं, मग सतरंजी मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसले. त्यानंतर मी घोड्यावर कधी बसले नाही.